चोवीसातले बारा

८ एप्रिल २०१६, पाडवा

ही डायरी मुकुंदकाकांनी दिली. मागच्या वर्षीची हाय, वार चुकतात, पण कागद लई गुळगुळीत. काका म्हणले, "सोनिया, दिवसभर लोकांच्या खोड्या काढतेस, त्यापेक्षा संध्याकाळी चार ओळी लिहीत जा." मी दोन्ही करणार. आधी खोडी, मग ओळी.

आजची खोडी: काकांच्या कडुलिंबाच्या गोळीत गुळाच्या जागी हिरवी मिरची. काका रिटायर कारकून. ठसका लागला तरी शुद्धच बोलतात. "अगं, हे, हे अजिबात, योग्य नाही!"

मी सोनिया. दहावीला गणितात दोनदा उडाले, बाकी सगळ्यात पास. पप्पा शेंद्र्याच्या कंपनीत, आई घरी पिको-फॉल करती. आमची गल्ली मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं, गुंठेवारीतली. म्हणजे घरं हायेत, लाईट हाय, पण नळ नाय. चार घरांत मिळून एक बोअर. तो सर्जेरावमामाच्या जागेत, म्हणून निम्मं पाणी त्याचं. बारा दिवसांची पाळी: सहा दिवस मामाचे, मग दोन आमचे, दोन मुकुंदकाकांचे, शेवटचे दोन आवडामावशीचे. ज्याची पाळी, त्याच्याकडं मोटरीच्या पेटीची चावी. पाळी सरली की दिवेलागणीला चावी पुढच्या घरी नेऊन द्यायची, आन् त्या घरानं चावी आणणाऱ्याला गूळ-पाणी द्यायचं. मामा करमाडचा. तिथं विहिरीच्या पाळीला अशी रीत होती म्हणे, ती त्यानं इथं आणली.

यंदा बोअरपण दमलाय. खोकतो आधी, मग पाणी देतो.

११ एप्रिल

आज हसून हसून पोट दुखलं.

मामाकडं करमाडचे पाव्हणे आले होते. उद्या मामाचा स्लॅब पडणार. वर तीन खोल्या काढतोय, कंपनीतल्या पोरांना भाड्यानं द्यायला. बाजेवर बसून पाव्हण्यांना सांगत होता, "बारातले सहा दिस बोअर आपला. बाकीची गल्ली उरलेल्या सहात." मिशीवरून हात. आई, आवडामावशी, मी, सगळ्या तिथंच, चतुरामामीला पापड लाटू लागत होतो.

मला राहावलं नाय. म्हणलं, "मामा, सहा म्हणजे लई बारीक वाटतं बाई. तुमच्यासारख्या माणसाला बारा पाहिजेत."

"बारा?"

"व्हय. चोवीसाची पाळी करा. चोवीसातले बारा तुमचे."

मामानं वर बघितलं, सेंट्रिंगच्या फळ्यांकडं. बराच वेळ बघत होता. मोठा आकडा डोक्यात शिरायला वेळ लागतो ना. मग म्हणला, "आन् बाकीच्यांना?"

"त्यांना दोनाचे चार! सगळ्यांनाच दुप्पट."

आईनं लाटणं थांबवलं. "चार दिवस? एवढं पाणी? बरंय की." आवडामावशी म्हणली, "चार दिस मिळाले तर माझी चंद्री एकदा तरी अंगभर धुवून घेईन." पाव्हणे म्हणले, "पोरगी हुशार हाय."

मामा उठून उभा राहिला. "ठरलं. उद्यापासून चोवीसाची पाळी."

कुणाला काय कळलं नाय! सहा बारातले काढा का बारा चोवीसातले, निम्मे ते निम्मेच. एवढं तर मला दोनदा नापास होऊन पण येतं. अख्ख्या गल्लीला येडं बनवलं आन् गल्ली खूश. मुकुंदकाका तेवढे पुण्याला लेकीकडं गेलेत. ते असते तर मजा गेली असती.

१३ एप्रिल

मामाचा स्लॅब पडला. वर मातीचे बांध घालून पाणी तुंबवलंय, कडंनं ओली पोती. तळंच झालंय. कावळे अंघोळ करतात. एवढं पाणी हाती आलं की माणसाला सुचत नाय काय करावं, म्हणून छतावर ओततो.

१६ एप्रिल

मुकुंदकाका परत आले. पाळीचं ऐकलं आन् चपला न काढताच ओट्यावर बसले.

"सोनिया, ही कल्पना कोणाची?"

मी गप. मी गप बसले की सगळ्यांना कळतंच.

आवडामावशी समोर धारेचं भांडं घासत होती. काका म्हणले, "आवडाबाई, तुमची चावी आता कधी येणार?" मावशीनं बोटांवर मोजलं. मामाचे बारा, आमचे चार, काकांचे चार. ती पुन्हा पहिल्या बोटावर आली. मग पुन्हा. मग तिनं भांडं खाली ठेवलं.

"आधी मधी धा दिस कोरडे जायचे," मावशी म्हणली. "आता वीस?"

तिच्याकडं तीन पिंपं. दोघी जणी धरून: ती आन् चंद्री. चंद्री म्हणजे तिची म्हैस, गाभण हाय, तीन आठवड्यांत व्यायची. म्हैस काय पाणी पिती ते बघायचं असेल तर बघून घ्या, आख्खी बादली एका दमात. टँकर चौकात येतो त्या दिवशी घरटी दोन घागरी, त्यात माणसाचंच भागत नाय.

संध्याकाळी तिच्या पोराचा फोन आला. कडूबा वाळूजला छोटा हत्ती टेम्पो चालवतो. फोन स्पीकरवर होता. "आई, मी पैलेच बोल्लो होतो. शहरात म्हैस कोण पाळतं? पुढच्या रविवारी गाडी आणतो, बाजारात नेऊन सोडू."

मावशीनं फोन बंद केला आन् चंद्रीच्या कपाळावरची गोचीड काढत बसली.

आई घरात आल्यावर म्हणली, "दुप्पट व्हय गं, सोने? दुप्पट?" आन् पाठीत एक धपाटा. माझी जेवायची इच्छा गेली, पण ती भूक नव्हती म्हणून.

१७ एप्रिल

काकांकडं गेले. म्हणलं, हे परत बारीक करायचं कसं ते शिकवा. काका लगेच पाटी घेऊन बसले, जशी काय पाटी वाटच बघत होती.

"अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देणं म्हणतात. बघू तुला काय येतं." त्यांनी लिहिलं: वर सोळा, खाली चौसष्ट.

मी वरचा सहा खोडला, खालचा सहा खोडला. वर एक, खाली चार. "एक चतुर्थांश."

काका आधी हो म्हणले. मग चष्मा काढला. "उत्तर बरोबर आहे. पण हे तू काय केलंस?"

"सहाला सहा गेला."

"असा जात नाही तो!"

"गेला की, काका. तुमच्यासमोर गेला."

त्यांनी एकोणीस आन् पंच्याण्णव दिलं. मी नऊ खोडले. एक पंचमांश. ते पण बरोबर! काका घामाघूम. मला वाटलं, मी गणितात नवीन शोध लावला, बोर्डानं उगाच नापास केलं.

मग काकांनी बारा आन् चोवीस लिहिलं. मी वरचा दोन, खालचा दोन खोडला. एक चतुर्थांश आलं.

"मग आता सर्जेरावांचा हिस्सा निम्म्याचा पाव झाला का?" काका म्हणले.

मला हे लई आवडलं. म्हणलं, "काका, हेच मामाला दाखवू या ना! पाव म्हणून पटवू."

"खबरदार!" काका ओरडले. मग हळू म्हणले, "सोनिया, आकडा खोडायचा नसतो. वरच्याला आणि खालच्याला, दोघांना एकाच संख्येनं भागायचं. दोघांना सारखं. मगच किंमत तीच राहते."

बारा चोवीसाचे सहा बारा. त्याचे तीन सहा. त्याचा एक दोन. तिथं थांबलं. एकाच्या पुढं भागायला काय उरत नाय.

"एक दोन म्हणजे काय, पाळीत?" काकांनी विचारलं आन् मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं.

मी म्हणलं, "एक दिवस मामाचा, एक दिवस दुसऱ्याचा. मामा, आम्ही, मामा, तुम्ही, मामा, मावशी." मग मलाच धक्का बसला. मावशीची चावी सहाव्या दिवशी! वीस दिवस कोरडे नाय, पाचच.

काका पाटी पुसत म्हणले, "मी नाही हं सांगितलं. तूच काढलंस."

१८ एप्रिल

काका स्वतः मामाकडं गेले, पाटी घेऊन. मी भिंतीआडून ऐकलं.

"सर्जेराव, दोन्ही बाजूंना बारानं भागू."

"माझं बारा भागून किती राहतं?"

"एक. पण खाली दोन..."

"बाराचं एक करता? आन् खालचे दोन कुणाचे?" मामा हसला. वरून गवंड्यांची पोरं पण हसली. "मुकुंदराव, तुम्ही हापिसात असंच भागत होता का?"

काका परत आले तेव्हा कान लाल. म्हणले, "त्या माणसाला अपूर्णांक कळणं शक्य नाही." मी म्हणलं, मोठा आकडा दिसला की त्याला बाकी काय दिसत नाय. ही चूक माझी. मीच त्याला बारा चाखवले.

२० एप्रिल

आज मी गेले. पाटी नाय, काय नाय. मामा स्लॅबवर पाइप धरून उभा होता. मी जिन्यावर.

"मामा, एक सांगू का? मला तुमचं वाईट वाटतं."

"का गं?"

"चावी तुमच्या दारात चोवीस दिवसांत एकदाच येती. म्हणजे गल्लीतलं माणूस तुमच्याकडं गूळ-पाणी प्यायला एकदाच येतं. आधी बारा दिवसांत तरी यायचं. करमाडला तुमच्या वडिलांच्या दारात असं होतं का?"

मामानं पाइप खाली केला.

"तेच एकाआड एक केलं," मी म्हणलं, "तर चावी दर दुसऱ्या संध्याकाळी तुमच्या दारात. आज आमची आई, परवा मुकुंदकाका, तेरवा नंतर मावशी. आख्खी गल्ली रांगेनं तुमच्या ओट्यावर. बारा घेऊन काय करायचं, मान एकदाच."

स्वयंपाकघरातून चतुरामामीचा हसण्याचा आवाज आला. मामानं तिकडं रागानं बघितलं. मग पाण्यात हात घालून बघितला, जसं दुधाचं विरजण बघतात.

"बघू," म्हणला. "रविवारी सांगतो."

"रविवारी कडूबा गाडी आणणार हाय. आज सांगा ना."

"रविवार म्हणलं ना. घाई कशाला?"

बघा, किती हळू चालतं त्याचं डोकं. मानाची गोष्ट गळी उतरायला चार दिवस!

२२ एप्रिल

आई रोज सकाळी आमच्या पिंपातल्या दोन घागरी चंद्रीला देती. देताना मला म्हणती, "तुझ्या अंघोळीचं हाय हे." खरंच माझ्या अंघोळीचंच असतं.

मामाच्या स्लॅबचा पन्हाळ मावशीच्या गोठ्याच्या कोपऱ्यात गळतोय. मावशीनं खाली घमेलं लावलंय. काल पन्हाळाचं तोंड दुसरीकडं होतं असं मला वाटतंय. जाऊ दे. मामाला कळलं तर ओरडेल, म्हणून मी कुणाला सांगितलं नाय.

२४ एप्रिल, रविवार

हात अजून काळे हायेत, पान घाण झालं तर होऊ दे.

सकाळी सातला कडूबाची गाडी गल्लीत. मामा अजून काय बोलला नव्हता. दार बंद. मावशीनं चंद्रीला हळद-कुंकू लावलं, शिंगांना तेल लावलं. कडूबा म्हणला, "आई, लग्नाला नाय चालली ती." मावशी म्हणली, "गप ऱ्हा रे." एवढंच. पण आवाज असा होता की आई घरात निघून गेली.

मला काय सुचेना. मागच्या चाकाजवळ बसले, टोपण काढलं, आगपेटीची काडी घातली. फुस्स. मग दुसरं चाक. त्याला एकच स्टेपनी असती.

कडूबा दोरी घेऊन आला तर गाडी मागून बसलेली. "कौन है रे? कोन केलं हे?"

मी म्हणलं, "ऊन लई हाय ना भाऊ. रबर फुगून हवा जाती. पप्पांच्या कंपनीत रोज होतं."

"दोन्ही चाकांची?"

"जोडीनंच जाती."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी त्याच्या गाडीकडं बघत राहिले. मग दोन्ही चाकं काढून, रिक्षात घालून जालना रोडला गेला. रविवार, दुकानं बंद. बरं झालं.

दुपारी मामा वर चढला. मजूर बांध फोडत होते, पोती गोळा करत होते. तळं वाहून गेलं. कावळ्यांचे हाल. मला त्यांच्याकडं बघायला वेळ नव्हता, मी मामाच्या तोंडाकडं बघत होते.

चारला कडूबा चाकं घेऊन परत. जॅक लावला. एक चाक बसलं. दुसरं बसलं. मावशीनं दावं सोडलं, पण हातातून सोडलं नाय. मी जिन्याखाली उभी राहून ओरडले, "मामा! रविवार झाला!"

मामा अंगरख्याला हात पुसत खाली आला. सगळी गल्ली जमली होती. कडूबाच्या हातात दाव्याचं एक टोक, मावशीच्या हातात दुसरं.

"एकाआड एक," मामा म्हणला. "माझी पाळी आज सरली. उद्यापासून एक दिस माझा, एक दिस गल्लीचा. पण चावी दिवेलागणीला माझ्या दारात आली पायजे, स्वतः आणून द्यायची."

मुकुंदकाकांनी माझ्याकडं बघितलं. मी मुंडी खाली घातली, हसू दिसू नये म्हणून.

"आता ही चावी कुणाची?" मामानं विचारलं. रीतीनं मामानंतर आमची पाळी. आमचं पिंपसुद्धा तळाला गेलं होतं, दोन घागरींमुळं. आईनं पदर खोचला, पुढं आली, चावी घेतली आन् तशीच आवडामावशीच्या हातात दिली.

"घ्या, मावशी. गूळ-पाणी नंतर पाजा. आधी मोटर लावा."

कडूबा म्हणला, "आई, गाडीचा आख्खा दिवस गेला माझा." मावशीनं त्याच्या हातातलं टोक काढून घेतलं. "जेवून जा," म्हणली.

बोअर लई वेळ खोकला. मग आला.

३० एप्रिल

चतुरामामीचा गूळ संपला. दर दुसऱ्या संध्याकाळी ओट्यावर पाहुणा. मुकुंदकाका दोन-दोन खडे खातात. मामा पागोटं घालून बसतो चावी घ्यायला, उन्हाळ्यात! मी दोनदा बनवला त्याला. एकदा मोठ्या आकड्यानं, एकदा बारक्या. काका म्हणले जुलैत गणिताला पुन्हा बस. म्हणलं, बघू. रविवारी सांगते.

११ मे

चंद्री परवा पहाटे व्याली. पारडी हाय, कपाळावर पांढरा ठिपका. मावशीनं गल्लीला खरवस केला, मोठं ताट भरून, वेलदोडा घालून. ओट्यावर सगळे. सुरी माझ्या हातात दिली. "सोने, तू कर वाटे."

मामा म्हणला, "बोअर माझा. मला निम्मा." सगळे हसले, पण मला वाटलं, हा खरंच म्हणतोय.

मी ताटाचे चार सारखे भाग केले. चार घरं, चार भाग. मग मामाच्या एका भागाचे बारीक-बारीक तुकडे केले, मोजून बारा, आन् ताटलीत मांडून दिले.

"घ्या मामा. बारा! बाकीच्यांना एकेकच."

आईनं मला चिमटा काढला. मुकुंदकाका खोकले. मामानं ताटली घेतली, तुकडे बघितले, मग मोठ्या ताटाकडं बघितलं.

"असे तुकडे सगळ्यांचेच केले तर किती व्हतील गं?"

मला बोटांवर मोजावं लागलं. "अठ्ठेचाळीस."

"अठ्ठेचाळीसातले बारा," मामा म्हणला. एक तुकडा तोंडात टाकला. "बारानं वरच्यालाबी भागलं, खालच्यालाबी भागलं. पाव झाला की, पोरी. निम्मा कुठाय?"

मुकुंदकाकांचा हात तोंडापाशी थांबला. चतुरामामी पदरात तोंड घालून हसायला लागली, तिला थांबवताच येईना.

मामा उठला. "म्हैस तिची हाय. पाव बक्कळ झाला," म्हणला, आन् ताटली घेऊन घरी गेला.

मी सुरी घेऊन तशीच उभी. अठ्ठेचाळीसातले बारा ज्याला तोंडी जमतात, त्याला चोवीसातले बारा कळले नसतील? वर बघितलं. सेंट्रिंगच्या फळ्या निघाल्यात, तिन्ही खोल्यांत गवंडी गिलावा करतायत. स्लॅब पडला बारा एप्रिलला. पोती काढली चोवीसला. आन् मामा हो कधी म्हणला? चोवीसला. बांध फुटल्यावर.

बाई बाई बाई. नवा स्लॅब तेवढे दिवस भिजवावाच लागतो, आन् माझ्या खोडीच्या पाण्यावर त्यानं बारा दिवस सलग भिजवून तो पक्का केला. आन् मी महिनाभर इथं त्यालाच येडा लिहीत बसले.

मागची पानं फाडावी वाटली. काकांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? ते खरवस खाण्यात गुंग.

आईनं माझा वाटा पुढं केला. "तुझे पण तुकडे करू का, बारा-चोवीस?"

म्हणलं, "नको. अख्खाच दे."